म्हाताऱ्या माणसांचं काम शिकायचं असेल तर

मे महिन्यात बारावीचा निकाल लागला की आमच्या पडवीत कोणी ना कोणी येऊन बसतं. बहुतेक मुलीच असतात. सोबत आई, हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये मार्कलिस्ट. २०१६ पासून मी गुहागर तालुक्यात वाड्यावाड्यांतून म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन काम करते, हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. चहा व्हायच्या आत प्रश्न येतो, "ताई, तुम्ही करता त्याची डिग्री कुठे मिळते?"

या डिग्रीचं नाव घेऊन शोधत बसलात तर महाराष्ट्रात बारावीनंतर हाताला फारसं काही लागत नाही. म्हणून माझं उत्तर आता ठरलेलं आहे. आधी अशी पदवी घ्या जिच्यावर काम करायचा परवाना मिळतो, निदान नोकरी तरी मिळते : नर्सिंग, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, समाजकार्य, मानसशास्त्र, संख्याशास्त्र. मग त्या पदवीचं तोंड म्हातारपणाकडे वळवा. प्रोजेक्ट असो, इंटर्नशिप असो, पहिली नोकरी असो, जिथे जिथे निवड तुमच्या हातात असेल तिथे म्हातारी माणसं निवडा. पाच-सहा वर्षांत तुम्ही या क्षेत्रातल्या होता. मीही अशीच आले. समाजशास्त्रात बी.ए., मग एम.एस.डब्ल्यू. म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, आणि त्यानंतर मुंबईत स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांच्या दिवसभराच्या केंद्रात आठ वर्षं.

जाहिराती वाचताना दोन शब्दांची गल्लत होते, ती आधीच दूर करू. जेरोन्टॉलॉजी म्हणजे वार्धक्यशास्त्र. शरीर, मन, घर, पैसा, समाज या सगळ्यांच्या अंगाने म्हातारपणाचा अभ्यास. हा शब्द १९०३ साली इल्या मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने रूढ केला. जेरिआट्रिक्स म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या आजारांचं वैद्यक. हा शब्द न्यू यॉर्कच्या इग्नाट्झ नॅशर या डॉक्टरने १९०९ साली दिला. आपल्याकडे आयुर्वेदाच्या आठ अंगांत 'जरा' हे अंग कितीतरी आधीपासून आहे. व्यवहारात याचा अर्थ एवढाच की कोर्सच्या नावात जेरिआट्रिक असेल तर तो बहुधा डॉक्टर-नर्ससाठी किंवा शुश्रूषेच्या कामासाठी असतो, आणि जेरोन्टॉलॉजी असेल तर कला शाखेच्या मुलीलाही तिथे जागा असते.

आमच्या आजीचे तीन महिने

कुणाला कोणती वाट, हे मी आजीच्या गोष्टीवरून सांगते. मला स्वतःला ते तिथेच कळलं.

२००४ चा जुलै. मी रत्नागिरीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आजी शहात्तर वर्षांची. घर आणि गोठा यांच्यामध्ये चिऱ्यांची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, तिच्यावर शेवाळ धरलेलं. सकाळी शेणाची पाटी घेऊन उतरताना ती घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. वाडीतल्या चौघांनी खुर्चीला बांबू बांधून तिला वरच्या रस्त्यापर्यंत नेलं, तिथून जीपने शहरात. चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं होतं, हे आज मी ते कागद वाचून सांगू शकते. त्यापुढचं सगळं चुकत गेलं.

दुसऱ्या रात्री ती ओरडायला लागली. "गुरं सोडा, पाणी भरलंय." मला ओळखेना. वॉर्डात तिचे हात कॉटच्या कडेला बांधले. आम्हाला वाटलं, आजीला वेड लागलं. पुढे कितीतरी वर्षांनी शिकले की त्याला डिलिरियम म्हणतात. उतारवयात मोठ्या ऑपरेशननंतर तो बऱ्याच जणांना होतो. पाणी कमी पडणं, लघवीचा संसर्ग, एखादं औषध, दुखणं, झोपमोड, चष्मा काढून ठेवलेला, यांतलं काहीही त्याला पुरतं, आणि कारण शोधून काढलं तर बहुतेक वेळा तो ओसरतो. आजीचा चष्मा माझ्या पिशवीत होता. तो तिच्या डोळ्यांवर चढवायला हवा हे ओळखणारी, म्हाताऱ्या रुग्णांचं वेगळं शिक्षण घेतलेली एक नर्स तिथे असती तर हात बांधावे लागले नसते.

बाराव्या दिवशी घरी आणली. "आराम करू द्या," एवढंच सांगितलं होतं, म्हणून आम्ही तिला आराम करू दिला. खुब्याच्या ऑपरेशननंतर शक्यतो दुसऱ्याच दिवशी माणसाला उभं करायचं असतं, वॉकर धरून चार पावलं टाकायला लावायची असतात. हे फिजिओथेरपिस्टचं काम. ती आली नाही, कारण आमच्या तालुक्याच्या त्या टोकाला तेव्हा कुणी नव्हतीच. न्हाणीघर घराच्या मागे, दोन पायऱ्या खाली. तिथे धरायला कठडा, बसायला उंच स्टूल, संडासात खुर्ची, पाखाडीला बांबूचा हात, हे घर बघून सुचवणं म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. हा शब्दच मी तोवर ऐकला नव्हता. दात नव्हते म्हणून ती पेज आणि कुळथाची पिठी यांच्यावर राहिली. पडून असलेल्या शरीराला प्रथिनं जास्त लागतात आणि जखम भरायला तर लागतातच, हे आहारतज्ज्ञ सांगते. सहाव्या आठवड्यात पाठीला जखम झाली. दर दोन तासांनी कूस बदलायची, हे शिकलेली एक घरगुती काळजीवाहक असती तर ती झाली नसती. आजोबा ओटीवर बसून असायचे, बोलायचे नाहीत. त्यांच्याशी कुणी बोलायचं होतं, निवृत्तिवेतनाचा अर्ज कुणी भरायचा होता, आईला आठवड्यातून एक दिवस सुटका कशी मिळेल ते कुणी बघायचं होतं. ते समाजकार्य.

गणपतीला चाकरमानी आले. घर भरलं, तिच्या कॉटभोवती पंधरा माणसं बसली. गौरीविसर्जनानंतर ती माणसं परत गेली. नवरात्राच्या आधी आजी गेली.

आजही एखादी मुलगी "मला नक्की काय करावं कळत नाही" म्हणाली की मी तिला हे सगळं सांगते आणि विचारते, यातल्या कुठल्या वेळी तू तिथे असायला हवी होतीस असं तुला वाटतं? उत्तर लगेच येतं. कुणी म्हणते, कूस मीच बदलली असती. कुणाचं मन त्या बांधलेल्या हातांपाशी अडतं. कोणी आजोबांचं नाव काढते. तिथून पुढे कोर्स निवडणं सोपं जातं.

कोकणातच का

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांपेक्षा घटली होती. २००१ ला १६ लाख ९६ हजार होती, ती १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा मुलींच्या जन्माचा नाही, पुरुष मुंबईला गेल्याचा आहे. म्हणजे आमच्या वाड्यांत जी राहतात त्यांत म्हाताऱ्या बायका फार, आणि त्यांतल्या बऱ्याच एकट्या. बारा घरांच्या वाडीत सात घरांना कुलूप, चार घरांत एक-एक म्हातारी, एका घरात जोडपं. हे दृश्य मी आठवड्यातून दोनदा तरी बघते. या क्षेत्राला काम कमी पडेल अशी भीती इथे कुणी बाळगू नये. माणसं तयार नाहीत, ही खरी अडचण आहे.

प्रवेशाआधी तीन महिने, एक वही

अर्ज भरण्याआधी हे करा, असा माझा आग्रह आहे. घरातलं नव्हे, वाडीतलं एक म्हातारं माणूस निवडा. त्यांना आणि घरच्यांना सरळ सांगा की मला शिकायचंय, आठवड्यातून दोनदा तासभर येऊ का. नाही म्हणणारं अजून मला भेटलेलं नाही.

वहीच्या पहिल्या पानावर सहा गोष्टी लिहा : आंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, उठून एका जागेवरून दुसऱ्या जागी बसणं, लघवी-शौचावरचा ताबा, जेवण. कॅट्झ नावाच्या अमेरिकन डॉक्टरची ही यादी १९६३ सालची आहे आणि जगभर वापरली जाते. प्रत्येकीपुढे लिहा, स्वतः करतात की मदत लागते. महिन्याने पुन्हा लिहा. कुठली गोष्ट सुटत चाललीय ते दिसायला लागतं.

दुसरं म्हणजे खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. मोबाईलवर वेळ लावा. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. चालताना तुम्ही शेजारीच हवं, आणि जमीन कोरडी हवी. तोल जात असेल तर हे करूच नका. कुणालाही एकटीने उचलायला जाऊ नका, तुमची पाठ जाईल आणि तेही पडतील.

तिसरं, औषधांचा डबा. कुठल्या गोळ्या, कुणी दिल्या, कधीपासून. तुम्ही एकही गोळी बदलायची नाही की बंद करायची नाही, फक्त लिहायचं. एका काकींच्या डब्यात मला तीन डॉक्टरांनी वेगवेगळ्या नावांनी लिहिलेली रक्तदाबाची एकच गोळी सापडली होती. त्या रोज तिन्ही घेत आणि उठताना चक्कर येते म्हणत.

उरलेली पानं त्यांच्या बोलण्यासाठी. ते जसं बोलतात तसंच लिहा, पुस्तकी मराठीत करू नका. तीन महिन्यांनी ही वही वाचलीत की दोन गोष्टी कळतील. शी-शू, वास, तेच तेच बोलणं हे तुम्हाला झेपतं का, आणि झेपत असेल तर तुमचं लक्ष शरीराकडे जास्त जातं की मनाकडे की घराकडे. हे काम झेपलं नाही म्हणून दुसरीकडे गेलेल्या मुलींबद्दल माझ्या मनात आदर आहे. त्यांनी वेळेवर ओळखलं.

वाटा

बारावी सायन्स, त्यात जीवशास्त्र असेल तर मी पहिल्यांदा बी.एस्सी. नर्सिंग सुचवते. चार वर्षं. नर्सिंगचेच पदवीखालचे दोन कोर्स आहेत, जी.एन.एम. तीन वर्षांचं आणि ए.एन.एम. दोन, आणि या दोन्हींना कला शाखेच्या मुलींनाही वाट आहे. नर्सिंगनंतर भारतीय परिचर्या परिषदेने आखलेली जेरिआट्रिक नर्सिंगची एक वर्षाची विशेष पदविका घेता येते. गावातच राहायचं असेल तर समुदाय आरोग्य अधिकारी हे पद लक्षात ठेवा. उपकेंद्रांची आयुष्मान आरोग्य मंदिरं झाली, तेव्हा तिथल्या बारा सेवांत ज्येष्ठांची आणि वेदनाशामक काळजी घातली गेली. त्या पदावर नर्सिंग किंवा बी.ए.एम.एस. झालेली मुलं सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन जातात. म्हातारीच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर सरकारी पगाराचं माणूस, याहून चांगली जागा मला सुचत नाही.

फिजिओथेरपीला इंटर्नशिप धरून साडेचार-पाच वर्षं लागतात आणि नीटची परीक्षा द्यावी लागते, म्हणून अकरावीतच ठरवलेलं बरं. ऑक्युपेशनल थेरपीचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. खरं तर भारतातली तिची पहिली शाळा १९५० साली मुंबईतल्या के.ई.एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केली. के.ई.एम., सायन आणि नायर या तिन्ही पालिका रुग्णालयांच्या कॉलेजांत ही पदवी आहे. पालिकेची कॉलेजं म्हणजे खासगीच्या मानाने फी कमी. कोकणातल्या घरांची रचना बघता, उंबरे, पायऱ्या, मागे न्हाणी, मला इथे प्रत्येक तालुक्याला एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट हवीय. पक्षाघातानंतर बोलणं किंवा गिळणं गेलेल्या माणसांसाठी वाचा-उपचारतज्ज्ञ लागते. त्यासाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची.

डॉक्टर व्हायचं असेल तर एम.बी.बी.एस.नंतर जेरिआट्रिक्समध्ये एम.डी. करता येतं. भारतात या विषयाचं वेगळं शिक्षण चेन्नईत डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी उभं केलं. मद्रास मेडिकल कॉलेजात १९९६ साली त्याची एम.डी. सुरू झाली. आता एम.बी.बी.एस.साठी कोकणाबाहेर जायलाच हवं असं राहिलेलं नाही. सिंधुदुर्गात २०२१ पासून आणि रत्नागिरीत २०२३ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, डेरवणला वालावलकरांचं आहे. केंद्र सरकारच्या ज्येष्ठ नागरिक आरोग्यसेवा कार्यक्रमात सुरुवातीची जी आठ प्रादेशिक केंद्रं ठरली, त्यांत मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज म्हणजे जे.जे. होतं. इंटर्नशिपमध्ये तिथली बाह्यरुग्ण सेवा चार दिवस बसून पाहा.

कला शाखेच्या मुलींना मात्र मी जास्त वेळ देते, कारण त्यांना वाटतं की आपल्यासाठी इथे काही नाही.

बी.ए. रत्नागिरीला, चिपळूणला, कुठेही करा. समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र घ्या. मग एम.एस.डब्ल्यू. दोन वर्षांचं. देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ ची. तिथे पदव्युत्तर प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही केंद्रीय परीक्षा द्यावी लागते. मुंबईत निर्मला निकेतन आहे, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आहे, इग्नूतून बाहेरूनही एम.एस.डब्ल्यू. होतं. समाजकार्याच्या शिक्षणाचा जीव क्षेत्रकार्यात असतो, आठवड्याचे दोन-तीन दिवस एखाद्या संस्थेत काम. तुमची वाट तिथे ठरते. माझ्या वर्गात बहुतेकींनी मुलांच्या आणि बचतगटांच्या संस्था मागितल्या. मी दोन्ही वर्षं वृद्धांची मागितली आणि सहज मिळाली, कारण दुसरं कुणी मागतच नव्हतं. ती दोन वर्षं पाहूनच मला पहिली नोकरी मिळाली. २००८ साली, महिना नऊ हजार. मुंबईत ते अपुरे पडत. डोंबिवलीला मावशीकडे राहिले म्हणून निभावलं. पैशाचं आधी सांगते ते एवढ्यासाठी की समाजकार्याचा पगार सुरुवातीला कमी असतो, नर्स आणि थेरपिस्ट लवकर कमावत्या होतात. घरी कर्ज असेल तर तो विचार करा, त्यात कमीपणा नाही.

मुलींसाठी आणखी एक जागा : एस.एन.डी.टी. विद्यापीठात मानव विकास आणि आहारशास्त्र. मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी हे विद्यापीठ १९१६ साली काढलं. ते स्वतः १०४ वर्षं जगले. आमच्या दापोली तालुक्यातल्या माणसाने काढलेल्या विद्यापीठात कोकणातली मुलगी म्हातारपण शिकते आहे, हे मला फार आवडेल.

गणित आवडणाऱ्या मुलांना कुणीच या क्षेत्राकडे पाठवत नाही. देवनारलाच आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, १९५६ पासून. लोकसंख्याशास्त्र आणि जैवसंख्याशास्त्रातल्या पदव्या तिथे मिळतात. 'लासी' हे भारतातलं म्हातारपणावरचं सगळ्यात मोठं सर्वेक्षण याच संस्थेने केलं. २०१७-१८ मध्ये पंचेचाळीस वर्षांवरची सुमारे ७२ हजार माणसं त्यात होती, आणि त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जायचं अशी त्याची आखणी आहे. त्याच्याच एका भागावरून साठीपुढच्या भारतीयांत स्मृतिभ्रंश ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना असल्याचा अंदाज निघाला. सरकार कुठे पैसा ठेवणार हे अशा आकड्यांवर ठरतं. हे आकडे मांडणाऱ्या टेबलाशी आमच्याकडचं कुणी असेल तर डोंगरातल्या वाडीचा प्रश्न तिथे कळेल.

लासीमध्ये मुंबईच्या संस्थेसोबत अमेरिकेतलं सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठही होतं. जगातली वार्धक्यशास्त्राची पहिली स्वतंत्र शाळा, लिओनार्ड डेव्हिस स्कूल, १९७५ साली तिथेच सुरू झाली. तिथे बारावीनंतरच जेरोन्टॉलॉजीत पदवी घेता येते, पुढे एम.ए., पीएच.डी. परदेशी शिकण्याची हौस असेल तर पदवीनंतर दोन-तीन वर्षं इथे काम करून जा, असं मी सांगते. वाडीतली शंभर घरं पाहिलेली मुलगी तिथे नुसती ऐकत बसत नाही, विचारते.

नावातच वार्धक्य असलेलं शिक्षण भारतात हवं असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय समाज संरक्षण संस्थेची, एन.आय.एस.डी.ची, एकात्मिक वृद्ध-शुश्रूषेतली एक वर्षाची पदव्युत्तर पदविका पाहा. कुठल्याही शाखेच्या पदवीवर तिचं ओझं होत नाही, उलट त्या पदवीला धार येते. याच संस्थेचे काही महिन्यांचे काळजीवाहकांचे कोर्सही असतात.

शिकणं दहावी-बारावीवर थांबलं असेल, लग्न झालं असेल, घर सोडता येत नसेल, तर आरोग्य कौशल्य परिषदेच्या आखणीतले जनरल ड्युटी असिस्टंट, होम हेल्थ एड, वृद्ध-शुश्रूषा सहायक असे काही महिन्यांचे कोर्स आहेत. आजीची कूस बदलणारं माणूस ते हेच. माझ्यासोबत आज काम करणाऱ्या दोघी अशा वाटेने आल्या आहेत, आणि पाठीची जखम ओळखण्यात त्या माझ्यापेक्षा पुढे आहेत.

फसू नका

सहा वर्षांपूर्वी आमच्या वाडीतल्या एका मुलीने तालुक्याच्या ठिकाणी एका संस्थेत 'डिप्लोमा इन नर्सिंग केअर' नावाच्या कोर्ससाठी पंचेचाळीस हजार भरले. शंभर टक्के नोकरीची हमी होती. कोर्स संपल्यावर कळलं की परिचर्या परिषदेकडे त्याची नोंदच नाही, आणि त्या कागदावर तिला नर्स म्हणून कुठेही उभं करणार नाहीत. तिच्या आईने त्यासाठी कलमं गहाण टाकली होती. म्हणून पैसे भरण्याआधी विचारा : यावर कुठल्या परिषदेची नोंदणी मिळेल? नर्सिंगला राज्य परिचर्या परिषद, फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपीला त्यांची परिषद, वाचा-उपचार आणि चिकित्सा-मानसशास्त्राला भारतीय पुनर्वास परिषद. संस्थेच्या तोंडी उत्तरावर थांबू नका, परिषदेच्या यादीत नाव स्वतः शोधा.

परदेशी नोकरीचंही तसंच. जपानमध्ये २०१९ पासून वृद्धांच्या शुश्रूषेसाठी वेगळ्या व्हिसावर परदेशी माणसं घेतात. तिथे या कामाला 'काइगो' म्हणतात. २०२१ साली भारताशी तसा करार झाला. जपानी भाषेची प्राथमिक पातळी, शुश्रूषेची भाषा आणि कौशल्य अशा परीक्षा द्याव्या लागतात. जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये करार केला आहे, तिथे जर्मन भाषा आधी. दोन्हीकडे भाषेला वर्षभर तरी धरा. जो एजंट भाषा न शिकवता पैसे मागतो त्याला दारातून परत पाठवा, आणि एजंटची नोंदणी ई-मायग्रेटच्या सरकारी यादीत आहे का ते पाहा.

इथे राहून काय काय करता येतं

माझा एक दिवस सांगते, म्हणजे नोकरी या शब्दापलीकडचं दिसेल. सकाळी दोन घरं, खुबा मोडलेल्या एक काकी आणि पक्षाघात झालेले एक गुरुजी. अकराला ज्येष्ठ नागरिक संघात रक्तदाब आणि गप्पा. दुपारी प्रांत कार्यालय. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे. त्याखाली मुलांकडून महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो. म्हाताऱ्या माणसाला स्वतःला जमत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेल्या व्यक्तीला किंवा संस्थेला त्यांच्या वतीने अर्ज करता येतो. हे अर्ज मी भरते, पण त्याआधी मुलाला मुंबईला दोन फोन करते. निम्मी प्रकरणं फोनवरच मिटतात, कारण मुलगा वाईट नसतो, त्याला घरची स्थिती कुणी सांगितलेली नसते. संध्याकाळी श्रावणबाळ योजनेचे कागद.

गणपतीच्या दिवसांत मी एकही नवी भेट ठेवत नाही. तेव्हा घरी आलेल्या मुला-सुनांना बसवून कूस कशी बदलायची, न्हाणीला कठडा कुठे लावायचा, आई विसरते तेव्हा तिच्याशी वाद का घालायचा नाही, हे शिकवते. अकरा दिवसांत वर्षभराचं काम होतं. तुम्ही इथे काम करणार असाल तर सुट्ट्यांची आखणी मुंबईच्या गाड्यांप्रमाणे करा.

भाषेचंही बघा. आजी संगमेश्वरी बोलत असेल, मालवणी बोलत असेल, दालदी बोलत असेल, तर तिच्या स्मृतीची तपासणी छापील मराठी प्रश्नांनी करून उपयोग नाही. "आज वार कोणता" याला न बोलणारी बाई "आज बाजार खयचो", म्हणजे आज कुठल्या गावचा बाजार, असं म्हटल्यावर पटकन सांगते. ही जाण शहरातून आलेल्या माणसाला यायला वर्षं लागतात. तुमच्याकडे ती जन्मापासून आहे, मुलाखतीत ती सांगा.

आता कागद. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश सरकारी केंद्रीय फेरीतून झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातून नको. बऱ्याच मुलींचं हे एका चुकीने हुकतं. पहिल्या फेरीत जवळचं कॉलेज मिळालं नाही म्हणून त्या घाबरून कोट्यात पैसे भरतात. दुसऱ्या फेरीची वाट बघा. उत्पन्नाचा दाखला एक एप्रिलनंतरचा काढा, वय-अधिवास आणि नॉन-क्रिमीलेअर त्याच महिन्यात करून घ्या, जातपडताळणी तर अकरावीलाच अर्ज टाकून ठेवा. निकालानंतर सेतूसमोर रांग लागते, आणि एकदा पाऊस धरला की वीज नसते.